नमुना सही

पत्र मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आलं. वैशाली तळवणेकरने ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. कोलंबोच्या कस्टमकडून महिन्याला एखादी चौकशी यायचीच. शिक्का पुसट आहे, तारखेवर खाडाखोड आहे, मालाचं वजन दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे. हेही तसंच चार ओळींचं होतं. अमुक क्रमांकाच्या दाखल्यावरची सही आमच्या दप्तरातल्या नमुना सहीशी जुळत नाही, तरी दाखला अस्सल आहे काय ते कळवावं, तोवर माल बंदरात थांबवून ठेवला आहे. खाली त्यांनी दोन्ही सह्या एकाखाली एक लावल्या होत्या. दोन्ही तिच्याच, वरची अकरा वर्षांपूर्वीची, खालची गेल्या महिन्यातली. वैशालीने चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली घेतला. वरच्या सहीतला इंग्रजी व्ही ऐसपैस होता, त्यामागून आडनाव सरळ चालत गेलं होतं आणि शेवटच्या अक्षराची शेपटी तिने झोकात खाली ओढली होती. खालच्या सहीत व्ही कसाबसा उभा होता. आडनाव सुरू व्हायचं आणि लगेच बारीक होत जायचं, अर्ध्यावर तर नुसतं मुंग्यांची रांग गेल्यासारखं. शेपटी नव्हतीच. दुसऱ्याच कुणाची तरी सही, कुणी बघत असताना घाबरून केलेली. तिने उजवा हात टेबलाखाली घेऊन मांडीवर ठेवला. तिथेही अंगठा आपला आपला तर्जनीवर फिरत राहिला, भिजवलेल्या डाळीचं साल काढत असल्यासारखा. खिडकीतून पारसिकची टेकडी दिसत होती. दिवाळे गावाच्या बाजूने सुकत घातलेल्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर येत होता. मागच्या टेबलावर कुणीतरी पोळीभाजीचा डबा किती वाजता येणार ते विचारत होतं.

सत्तावीस वर्षं ती या कार्यालयात होती, आणि आपण नक्की काय करतो हे तिला कुणाला दोन वाक्यांत सांगता आलेलं नव्हतं. शेजारच्या देशांनी एकमेकांत करार केले आहेत की एकमेकांच्या मालावर कर कमी लावायचा. पण माल खरोखर त्या देशात तयार झालेला पाहिजे, तिसरीकडून आणून नुसतं लेबल बदललेला चालणार नाही. तो इथलाच आहे असा दाखला कुणीतरी द्यायचा असतो. तो ती द्यायची. कारखान्यात जायची, कच्चा माल कुठून आला ते बघायची, मशीनसमोर उभी राहायची, आणि मग कागदावर सही करायची. अर्ज ऑनलाइन झाले तरी या दाखल्यावर सही शाईचीच लागे. तिचा अधिकार आला त्या दिवशी तिच्याकडून एका छापील तक्त्यावर तीन सह्या घेतल्या होत्या आणि त्याच्या प्रती कोलंबोला, ढाक्याला, काठमांडूला, थिंफूला, मालेला गेल्या होत्या. त्या दिवशी ती घरी जरा लवकर आली. आई तेव्हा होती. वैशालीने बूट काढता काढता तिला सांगितलं की माझी सही आता पाच देशांत ठेवलेली असेल. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं होतं, ‘‘म्हणजे सही गेली परदेशात, नि तू ऱ्हवलंस हयच?’’ दोघी हसल्या होत्या. नंतर ते वाक्य वैशालीला अधूनमधून आठवायचं आणि दर वेळी त्यातलं हसू थोडं कमी झालेलं असायचं. ती खरंच कुठे गेली नव्हती. पासपोर्ट काढला होता, तो कोरा होता. पण काही दुपारी, काम कमी असताना, ती त्या फायलींची कल्पना करायची. ढाक्यातलं लोखंडी कपाट, कोलंबोतला जुना पंखा, आणि त्याखाली एका कागदावर आपलं आडनाव सरळ चालत गेलेलं. त्यात तिला एक प्रकारचं बरं वाटायचं. आपण जिथे नाही तिथे आपल्यावर विश्वास ठेवलेला आहे, असं काहीतरी.

हात कधीपासून असा झाला, ते तिला सांगता येत नव्हतं. आई गेल्यानंतर केव्हातरी. आधी कुर्त्याची बटणं लागायला वेळ लागू लागला. मग पेल्यातलं पाणी. पेला अर्धा भरायचा, हे तिने कधी ठरवलं नाही, ते आपोआप झालं. सोसायटीत हळदीकुंकवाला जायचं तिने सोडलं, कारण कुणाच्या कपाळाशी बोट नेताना ते नेमकं तिथे पोचत नव्हतं. बँकेची कामं फोनवरून, भाजी पिशवीतच टाकायला सांगायची, चहा कॅन्टीनमध्ये न घेता जागेवर मागवायचा आणि सगळे उठून गेले की प्यायचा. इतक्या युक्त्या तिने जमवल्या होत्या, आणि गंमत अशी की त्या कुणासाठी लागतच नव्हत्या. घरात कुणी नव्हतं. कुडाळच्या भावाशी रविवारी फोन व्हायचा, आणि फोनवर हात दिसत नाही. ऑफिसात लोक चांगले होते, वाढदिवसाला केक आणत, पण त्यांची नजर तिच्या चेहऱ्यापाशी थांबायची आणि मग फाइलवर जायची. लपवायला समोर बघणारं माणूस लागतं. कधीकधी बटण लावताना तिला वाटायचं, आपण हे एवढं झाकतोय ते कुणापासून?

दुपारी तिने पत्र कार्यालयप्रमुखांना दाखवलं. तेजस म्हणजे चाळिशीच्या आतला माणूस, तिच्याहून पदाने मोठा आणि वयाने बराच लहान. तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला सर म्हणायची, आणि दोघांनाही त्याची सवय झालेली होती. त्याने दोन्ही सह्या स्क्रीनवर मोठ्या करून पाहिल्या आणि हसून म्हणाला की घाईत केलेली दिसते, माझी तर रोज वेगळी येते. अस्सल आहे म्हणून कळवून टाकू, आणि नमुना जुना झालाय तर नवा तक्ता भरून पाठवू, तीन सह्या, विषय संपला. त्याने कोरा तक्ता छापून तिच्या हातात दिला. तिने तो डाव्या हाताने घेतला. सोमवारी द्या, तो म्हणाला, पण त्याहून उशीर नको, ती वाघचौरे बाई सारखी फोन करतेय.

संघप्रिया वाघचौरे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आतल्या बाजूला तिची छोटी शेड होती. कपड्याचा रंग धुण्यात जाऊ नये म्हणून कापडाला लावतात ते रसायन ती बनवायची. दहा वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून काढून मग तिने स्वतःचं सुरू केलं होतं. श्रीलंकेतल्या एका कपडे बनवणाऱ्या कारखान्याकडून तिला पहिलीच बाहेरची ऑर्डर मिळाली होती, चाळीस ड्रम. गेल्या महिन्यात वैशाली बेलापूरहून मेट्रोने पेंधरपर्यंत गेली होती आणि तिथून रिक्षाने शेडवर. रस्त्यात सगळीकडे तो तळोज्याचा वास, गोडसर, घशात बसणारा. शेडमध्ये मात्र फरशी घासून पुसलेली होती आणि भिंतीवर एक नवं कोरं घड्याळ टिकटिकत होतं. संघप्रियाने तिला सगळं दाखवलं, न विचारता, एकेक पिंप, एकेक बिल, भराभर बोलत. मिक्सर जुना घेतलाय पण मोटर नवी टाकलीय. हे पाणी तपासलेलं आहे. हा माल गुजरातचा, हा इथलाच. वैशालीला ती आवडली होती. तिथेच ऑफिसातल्या प्लास्टिकच्या टेबलावर तिने दाखल्यावर सही केली होती. व्ही निघाला, आणि मग हात थांबला. मध्येच. पेन कागदाला टेकलेलं होतं आणि पुढे जाईना. किती वेळ कोण जाणे. घड्याळाचा आवाज तेवढा येत होता. मग सुटला, आणि उरलेलं आडनाव मुंग्यांसारखं निघून गेलं. तिने कागद पटकन उलटा करून दिला होता.

रविवारी सकाळी उन्हं स्वयंपाकघराच्या खिडकीत आली तेव्हा ती टेबलापाशी रद्दी कागद घेऊन बसली. पहिली सही बरी आली. दुसरी लहान. पाचव्या-सहाव्यापासून तर ओळच वर चढायला लागली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून पाहिलं, पेन जाड घेऊन पाहिलं, उभं राहून पाहिलं. लहानपणी आई पाटीवर तिच्या हातावर हात ठेवून गिरवून घ्यायची तो स्पर्श तिला एकदम, विनाकारण, मनगटापाशी जाणवला, खरखरीत आणि गरम. मग ती उठली. जुन्या नमुन्याची झेरॉक्स तिने खिडकीच्या काचेला लावली, वर कोरा तक्ता ठेवला आणि प्रकाशातून दिसणाऱ्या रेषांवरून हळूहळू पेन फिरवू लागली. काचेचा थंडपणा तळहाताला लागत होता. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने इकडे पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं, काच पुसतेय. तीन सह्या व्हायला अर्धा तास लागला आणि ऑफिसातून जास्तीच्या काढून आणलेल्या प्रतींतले चार तक्ते वाया गेले, पण पाचव्यावर तिन्ही जमल्या. ऐसपैस व्ही, सरळ आडनाव, शेपटी. ती तक्ता हातात धरून बघत राहिली. दुसरीकडचा माल इथला म्हणून दाखवणारी कितीतरी माणसं तिने सत्तावीस वर्षांत पकडली होती. नवं लेबल, जुनी गोणी. ती माणसं कागद पुढे करताना जरा जास्तच व्यवस्थित असायची. तिने खऱ्या हाताने केलेली सही खोटी ठरली होती, आणि ही खोटी कुणालाही खरी वाटली असती. दुपारी तिला जेवण गेलं नाही. भावाचा फोन आला, त्याच्याकडे कोकमं कशी निघाली, मुलीच्या परीक्षेचं काय, हे ती ऐकत राहिली. तिकडे सगळं ठीक ना, असं त्याने शेवटी विचारलं. ठीक, ती म्हणाली. तक्ता तिने फाइलमध्ये घालून पर्सशेजारी ठेवला.

सोमवारी ती पोचली तर संघप्रिया आधीच तिच्या टेबलासमोर बसलेली होती. पाण्याची बाटली हातात, झाकण उघडलेलं. पहिल्यांदा ती खरेदीदाराबद्दलच बोलली, की तो चांगला माणूस आहे पण त्याच्यावरही साहेब आहेत, पूर्ण कर भरून माल घ्यायला ते तयार नाहीत, शुक्रवारपर्यंत सुटला नाही तर ड्रम परत पाठवणार. परत आलेला माल इथे कुणी घेत नाही, मॅडम, लोकांना वाटतं काहीतरी खोट असणार. पुढची ऑर्डर मग विसरायची. शेडमध्ये पाच जण कामाला आहेत, त्यांना मी काय सांगू? वैशाली म्हणाली की आज पत्र जाईल. संघप्रिया उठली नाही. बाटलीचं झाकण लावलं, काढलं.

‘‘मॅडम, एक विचारू? रागावू नका. तुमी सही करत होतात तेव्हा मी समोर होते. तुमचा हात मध्येच थांबला. बराच वेळ. मला वाटलं, तुमाला माझ्या मालात काहीतरी दिसलं. त्यानंतर मी दोन दिवस सगळी बिलं परत काढून बघितली. काय चुकलं होतं ते तरी सांगा. मी सुधारीन.’’

वैशालीने तिच्याकडे पाहिलं. या बाईने दोन दिवस आपल्याच बिलांवर संशय घेतला होता. त्या घासलेल्या फरशीवर बसून, ते नवं घड्याळ ऐकत. आपल्या हातातलं जे काही होतं ते झाकलं गेलं नव्हतं, ते नुसतं समोरच्या माणसावर जाऊन पडलं होतं. किती जणांवर पडलं असेल? कुणाकुणाला वाटलं असेल की ही बाई आपल्याशी बोलताना हात मागे घेते, आपला चहा नाकारते, आपल्या घरी कुंकवाला येत नाही? तिने उजवा हात टेबलाखालून काढला आणि टेबलावर, दोघींच्या मध्ये, ठेवला. अंगठा फिरत होता.

‘‘तुझ्या मालात काही नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘हे होतं.’’

संघप्रिया त्या हाताकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने बाटली पुढे केली, आणि वैशालीने नको म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर वैशालीने फाइलमधला तक्ता काढला, मधोमध फाडला आणि दुसरा कोरा तक्ता घेऊन तेजसच्या केबिनमध्ये गेली. तुमच्यासमोर करते, म्हणाली. त्याला वाटलं औपचारिकता आहे, तो मोबाइलवर काहीतरी बघत होता. पहिल्या सहीनंतर त्याने मोबाइल खाली ठेवला. दुसरीला तो खुर्चीत पुढे सरकला, मदत करावी की करू नये असा. तिसरी व्हायला इतका वेळ लागला की बाहेर शिपायाने दार ढकललं आणि परत लावून घेतलं. तीन सह्या तीन तऱ्हांच्या आल्या होत्या. मग तिने पत्राचा मसुदा पुढे केला. दाखल्यावरची सही माझीच आहे, माल मी स्वतः कारखान्यात जाऊन पाहिला आहे, गेल्या काही काळापासून माझ्या हाताला कंप आहे म्हणून सहीत फरक पडला आहे, आज कार्यालयप्रमुखांच्या समोर केलेल्या तीन सह्या सोबत जोडल्या आहेत. तेजसने ते दोनदा वाचलं. आजाराचं लिहायची गरज नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. हे एकदा दप्तरात गेलं की तुमचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीतून काढावं लागेल, मॅडम, आणि तुमची दोनच वर्षं राहिलीत. तुम्ही बसून राहा, सह्या दुसरं कुणी करेल, कुणाला कळणार पण नाही.

‘‘मग आधीच्या दाखल्यांचं काय?’’ वैशाली म्हणाली. ‘‘ते तिकडे पडलेत. पुढच्या महिन्यात आणखी कुणाचे ड्रम उभे राहतील. काढा नाव.’’

त्याने सही केली. त्याची सही वेगाने, एका फटक्यात झाली, आणि ती पाहताना वैशालीला हेवा वाटला, अगदी लहान मुलीसारखा, पोटातून.

उत्तर गुरुवारी आलं. तिला वाटलं होतं दोन ओळी असतील. पाऊण पान होतं. आपलं पत्र मिळालं. आम्ही गेल्या दोन वर्षांतले आपल्या सहीचे आमच्याकडचे एकतीस दाखले काढून तारखेप्रमाणे लावून पाहिले. पहिल्या तेरा दाखल्यांवरची सही नमुन्याबरहुकूम आहे. मागील वर्षीच्या ऑगस्टमधील दाखल्यापासून आडनावाच्या शेवटच्या अक्षरांत फरक दिसू लागतो. त्यानंतर तो क्रमाक्रमाने वाढत गेला आहे. नक्कल करणाऱ्याची सही अशी हळूहळू बदलत नाही. सबब सदर दाखला अस्सल मानून माल सवलतीच्या दराने सोडण्यात येत आहे. आणि त्याखाली, वेगळा परिच्छेद करून, एक वाक्य होतं, ज्याला कुठलाही नियम लागू होत नव्हता. फरक वाढता असल्याने संबंधित अधिकाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेतला नसल्यास तो घ्यावा, अशी नम्र सूचना आहे. खाली सही होती, गोल, शांत, आणि टाइप केलेलं नाव. एच. पी. समरकोन. नुसती आद्याक्षरं. पुरुष की बाई, ते कळत नव्हतं.

वैशालीने ते पत्र तीनदा वाचलं. कुणीतरी एकतीस कागद काढले होते. कपाटातून, वेगवेगळ्या फायलींतून, मसाल्याचे, औषधांचे, सुट्या भागांचे. टेबल रिकामं करून ते ओळीने मांडले होते आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाकून पाहत गेलं होतं. बोटाने, बहुतेक भिंग घेऊन. ऑगस्टपाशी थांबलं होतं. ऑगस्टमध्ये आईचं वर्षश्राद्ध झालं होतं. पाहुणे संध्याकाळीच पांगले होते, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तिने कसल्याशा दाखल्यावर सही केली असणार. तेव्हा तिला काही जाणवलं नव्हतं. तिच्या शरीरात जे सुरू झालं ते तिच्याआधी समुद्रापलीकडच्या त्या फायलीत जाऊन बसलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिने संघप्रियाला फोन करून माल सुटल्याचं सांगितलं. पलीकडून मशीनच्या आवाजातून ती काहीतरी मोठ्याने बोलत होती, ते नीट ऐकू आलं नाही.

पंधरा दिवसांनी परिपत्रक निघालं. श्रीमती वैशाली तळवणेकर यांचा दाखल्यावर सही करण्याचा अधिकार अमुक तारखेपासून संपुष्टात आला आहे, याची नोंद घ्यावी. ते पाचही देशांना गेलं. तिच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी कुणाला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याच शनिवारी ती नेरूळला एका मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेली. बाहेरच्या बाकांवर सगळे जोडीने बसले होते, एक आजारी आणि एक फाइल धरणारं. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती आपली फाइल घेऊन आत गेली. डॉक्टर तिच्याहून थोड्या लहान, दमलेल्या, बोलायला मऊ होत्या. त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं की हे कधीपासून आहे, साधारण सांगितलं तरी चालेल, नक्की कुणालाच सांगता येत नाही.

‘‘गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून,’’ वैशाली म्हणाली. ‘‘आडनावाच्या शेवटच्या अक्षरांपासून सुरू झालं.’’

डॉक्टरांनी मान वर केली. इतकं नेमकं त्यांना कुणी सांगत नसावं. ‘‘हे तुमच्या लक्षात आलं, की घरातल्या कुणाच्या?’’

‘‘घरात कोणी नाही. कोलंबोला एक जण आहेत. त्यांच्या.’’

‘‘नातेवाईक?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तुमचे कोण?’’

प्रश्न साधा होता, रकाना भरायचा होता. वैशालीच्या डोळ्यांसमोर करार आला, कर, चाळीस ड्रम, एका टेबलावर तारखेप्रमाणे मांडलेले कागद. हे सगळं कुठून सुरू करून सांगायचं? पेन थांबलं होतं. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होते.

‘‘शेजारी,’’ ती म्हणाली.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.